राखेखालचा विस्तव, धुळीमागचे तारे

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ताईच्या शेतात हुरड्याला गेलो होतो. सेलूच्या अलीकडचं काळं रान, बांधाला दोन बाभळी, मधे गोवऱ्यांची आगटी. गुळभेंडीची कणसं, लसणाची चटणी, गूळ, वरून ताक. दिवस मावळला, पाहुणे पांगले आणि आगटीवर राखेचा पांढरा थर चढला. भाचा सातवीत आहे. त्याने राखेकडे पाहून जाहीर केलं, "इझली." त्याला म्हटलं, वर हात धरून बघ. त्याने वीतभर उंचीवर तळवा धरला आणि झटक्यात मागे घेतला.

दाजींचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. तापलेल्या मोटारीला हात न लावता तापमान सांगणारी बंदूक त्यांच्या पिशवीत कायम असते. कोरोनात कपाळावर रोखायचे ना, तिचीच ही थोरली बहीण. ती काढली. राख, १४२ अंश. भाच्याचा तळवा, ३२. दिवसभर ऊन खाल्लेली शेतातल्या आखाड्याच्या खोलीची भिंत, २३. तिच्या सावलीतला माठ, १४. मग पोराने कुठल्याही पोराने केलं असतं तेच केलं, बंदूक थेट डोक्यावर आभाळाकडे रोखली. उणे २४.

"मामा, आभाळ बर्फाहून थंड हाय? मग आपल्याला कामून लागंना?"

त्याला उत्तर द्यायला बसलो आणि रात्रीचे नऊ वाजले. हा लेख त्या उत्तराचाच, थोडा नीट लावलेला.

आधी त्या बंदुकीबद्दल. ती काही सोडत नाही. तो लाल ठिपका फक्त नेम धरण्यापुरता. ती समोरून येणारा प्रकाश घेते. राखेतून, तळव्यातून, भिंतीतून, माठातूनसुद्धा सतत प्रकाश बाहेर पडत असतो, फक्त आपल्या डोळ्यांना दिसत नाही असा. लोहाराच्या भट्टीतून काढलेली पहार आठवा. पिवळीजर्द असते, मग नारिंगी, मग लाल, मग विटकी लाल, आणि शेवटी काळी. पहार काळी पडली म्हणजे तिचं चमकणं थांबलं, असं आपण धरतो. थांबलेलं नसतं. तिचा प्रकाश लाल रंगाच्या खाली उतरलेला असतो, आणि आपली नजर लालपाशीच संपते. म्हणून त्या प्रकाशाला अवरक्त म्हणतात. रक्त म्हणजे लाल, अव म्हणजे खाली. शब्द जड वाटतो, पण अर्थ भट्टीपाशी उभ्या माणसालाही कळेल असा आहे.

हा प्रकाश पहिल्यांदा पकडला विल्यम हर्शेलने, १८०० साली, इंग्लंडमध्ये. सूर्यप्रकाश लोलकातून जाऊ दिला, टेबलावर पडलेल्या रंगपट्ट्यात एकेक करून तापमापी ठेवली आणि एक तापमापी लालच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं तिथे ठेवली. पारा तिथे सगळ्यात जास्त चढला. हाच माणूस आधी युरेनस शोधून बसला होता आणि मूळचा पेशाने वादक. काही लोकांच्या वाट्याला जरा जास्तच येतं.

कुठली वस्तू कुठल्या प्रकाशात जास्त चमकते, याचा एक ढोबळ हिशेब आहे आणि तो तोंडी करता येतो. वस्तूचं तापमान केल्विनमध्ये घ्यायचं, म्हणजे आपल्या सेल्सिअसमध्ये २७३ मिळवायचे. मग ३००० ला त्या आकड्याने भागायचं. उत्तर येतं ती त्या प्रकाशाच्या लहरीची लांबी, मायक्रॉनमध्ये. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५८०० केल्विन, म्हणजे उत्तर अर्धा मायक्रॉन. आपले डोळे बरोबर तिथेच पाहतात, कारण ते सूर्याखाली घडले. माणसाचं अंग ३१० केल्विन, उत्तर दहाच्या जवळ. म्हणजे आपण सगळे अंधारात दहा मायक्रॉनला चमकत बसलेलो असतो. अजून थंड वस्तू घ्या, ३० केल्विन म्हणजे उणे २४३ अंश, ती शंभर मायक्रॉनला चमकते. पूर्णपणे विझलेली वस्तू विश्वात नाही. तारे जन्मतात ते ढग, लघुग्रह, ग्रह, धूळ, या सगळ्यांचं बरंचसं आयुष्य डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशात जातं.

आता त्या उणे २४ कडे. अवकाशाचं खरं तापमान त्याहून कितीतरी खाली आहे, सुमारे उणे २७० अंश. मग बंदुकीने २४ वरच का थांबावं? कारण मधे हवा आहे, आणि हवेत वाफ आहे. पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड अवरक्त प्रकाश गिळतात, आणि गिळतात तसा स्वतःचा सोडतातही. बंदुकीने तारे पाहिले नाहीत, हवेची ऊब पाहिली. ढग असते तर आकडा आणखी वर गेला असता. हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. रब्बीत आभाळ स्वच्छ असलं की पहाटे थंडी मरणाची पडते, गव्हाला बरं. आभाळ आलं की थंडी पळते आणि हरभऱ्याला घाटेअळीची धास्ती लागते. स्वच्छ रात्री जमीन आपली ऊब उघड्यावर उधळत असते, ढग आले की ते गोधडीसारखं काम करतात. भाच्याला म्हटलं, आभाळाचा गारवा लागतो की रे, रोज पहाटे लागतो. आपण त्याला थंडी म्हणतो.

जी गोधडी खालची ऊब वर जाऊ देत नाही, ती वरचा प्रकाशही खाली येऊ देत नाही. खगोलशास्त्रज्ञांची पहिली अडचण ही. काही अरुंद फटी मोकळ्या आहेत, त्यातून कोरड्या उंच डोंगरावरून थोडंफार पाहता येतं. लडाखमधल्या हान्लेला ४५०० मीटरवर आपली दोन मीटरची दुर्बीण आहे, तिथून असं काम चालतं. पण शंभर मायक्रॉनसारख्या लांब लहरींना ही दारं बंदच.

दुसरी अडचण जास्त गमतीची आणि जास्त वाईट आहे. दुर्बीण स्वतः गरम असते. तिचा आरसा, नळी, स्क्रू, शेजारचा घुमट, निरीक्षक, सगळं दहा मायक्रॉनला चमकत असतं. साध्या दुर्बिणीने भरदुपारी तारा शोधायचा, आणि वर दुर्बिणीच्या नळीतच पणत्या लावून ठेवायच्या, असा तो प्रकार. माझ्या मते या शास्त्राचा सगळा इतिहास एका वाक्यात सांगता येतो: ऊब पाहायची असेल तर आधी पाहणाऱ्याला थंड व्हावं लागतं. पुढचं सगळं थंड कसं व्हायचं याच्या निरनिराळ्या खटपटी आहेत.

पहिली खटपट आपल्या डोक्यावरूनच जाते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं हैदराबादला बलून उडवण्याचं केंद्र आहे. पातळ प्लॅस्टिकचा, हायड्रोजन भरलेला अवाढव्य फुगा, त्याखाली दुर्बीण, आणि उंची तीस किलोमीटरच्या वर. तिथे वाफ जवळजवळ उरतच नाही. याच संस्थेने एक मीटर व्यासाची अवरक्त दुर्बीण अशी फुग्याखाली टांगून अनेकदा उडवली आणि तारे जन्मतात त्या ढगांचे नकाशे काढले. पुढे जपानी उपकरण जोडून १५८ मायक्रॉनला चमकणारा कार्बनही मोजला. काम झालं की फुग्यापासून उपकरण सुटतं आणि रंगीत पॅराशूटने खाली येतं. कुठे? वारा नेईल तिथे. म्हणून वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर अधूनमधून जिल्हा प्रशासनाचं आवाहन येतं: आकाशातून यंत्र पडलेलं दिसलं तर हात लावू नका, उघडू नका, जवळच्या पोलीस ठाण्याला कळवा. जिल्ह्यांच्या यादीत नांदेड, लातूर, बीड, परभणी, हिंगोली असतात. आपण ती बातमी वाचून पान उलटतो. एखाद्याच्या तुरीत उतरलेला तो पेटारा काही तासांपूर्वी कुठल्यातरी ताऱ्याचं बाळंतपण बघत असेल, हे त्या बातमीत लिहिलेलं नसतं.

दुसरी खटपट म्हणजे थेट अवकाशात जायचं, आणि सोबत माठ न्यायचा.

माठाचंच तत्त्व आहे, उगाच उपमा देत नाही. माठ गार का असतो? त्याच्या अंगातून पाणी पाझरतं, त्याची वाफ होते, आणि जाताना ती वाफ माठातली ऊब घेऊन जाते. दाजींच्या बंदुकीने भिंत २३ आणि माठ १४ दाखवला तो यामुळे. अवकाशातल्या दुर्बिणीभोवती असाच एक रांजण असतो, पाण्याऐवजी द्रवरूप हेलियमचा. हेलियम उणे २६९ अंशांना उकळतो. तो थोडाथोडा उकळत बाहेर जातो आणि दुर्बिणीची ऊब घेऊन जातो. रांजण भरलेला आहे तोवर गारवा. आटला की संपलं. आणि तिथे टँकर पोचत नाही.

असा पहिला उपग्रह, ज्याने जवळपास सगळं आकाश धुंडाळलं, तो म्हणजे आयरास. अमेरिका, नेदरलँड्स आणि ब्रिटन यांनी मिळून जानेवारी १९८३ मध्ये पाठवला. आरसा केवळ ५७ सेंटीमीटरचा. हेलियम पुरला दहा महिने. तेवढ्यात त्याने ९६ टक्के आकाश पाहिलं आणि साडेतीन लाखांच्या आसपास उष्ण ठिपके नोंदवले. पुढे १९९५ ला युरोपचा आयसो गेला, २००३ ला स्पिट्झर, २००६ ला जपानचा आकारी, २००९ ला साडेतीन मीटर आरशाचा हर्शेल, पुन्हा तोच हर्शेल, यावेळी नावाने. प्रत्येकाचा रांजण वेगवेगळ्या दिवशी आटला.

त्या रात्री वायव्येला अभिजित तारा मावळतीला आला होता, म्हणून आयरासची पहिली गोष्ट त्याचीच सांगितली. अभिजित २५ प्रकाशवर्षांवर, निळसर पांढरा, निर्मळ तारा. इतका निर्मळ की उपकरणं जुळवताना वजनकाट्याला प्रमाणित वजन लावावं तसा तो वापरायचे. १९८३ मध्ये हार्टमुट औमान आणि फ्रेड जिलेट आयरासचा काटा जुळवत होते. अभिजितवर उपकरण रोखलं तर आकडे जुळेनात. छोट्या लहरींना ठीक, पण ६० आणि १०० मायक्रॉनला तारा असायला हवा त्यापेक्षा कितीतरी जास्त तेजस्वी. आधी अर्थातच उपकरणावर शंका. उपकरण बरोबर निघालं. अभिजितच्या भोवती ८५ केल्विनच्या आसपासची, म्हणजे उणे १९० अंशांची थंडगार धूळ फिरत होती. दुसऱ्या ताऱ्याभोवती ग्रह बनवायचा कच्चा माल पडलेला असतो, याचा हा पहिला ठसठशीत पुरावा. वजनाचा काटा तपासायला घेतलं आणि मापाच्या वजनालाच माती चिकटलेली निघाली.

दुसरी गोष्ट त्या आठवड्याचीच होती. आगटीपाशी बसल्या बसल्या पूर्वेकडून तीनचार उल्का गेल्या. दरवर्षी १३-१४ डिसेंबरला मिथुन राशीच्या दिशेने त्यांचा वर्षाव होतो. उल्कावर्षाव बहुधा धूमकेतूने वाटेत सांडलेल्या कचऱ्याचा असतो, पण या वर्षावाचा मालक सापडत नव्हता. ऑक्टोबर १९८३ मध्ये आयरासच्या नोंदींत एक भरभर सरकणारा ठिपका दिसला. तो लघुग्रह निघाला, पाचसहा किलोमीटरचा, सूर्याच्या बुधापेक्षाही खूप जवळून जाणारा. नाव पडलं फेथॉन. त्याची वाट आणि आपल्या डिसेंबरच्या उल्कांची वाट एकच. धूमकेतू शोधत होते, मालक दगड निघाला.

लघुग्रहांच्या बाबतीत अवरक्त दुर्बीण एवढी कामाची का, हे काळ्या जमिनीत राहणाऱ्या माणसाला चटकन पटेल. साध्या दुर्बिणीत लघुग्रह दिसतो तो सूर्याच्या परावर्तित प्रकाशात. ठिपका किती तेजस्वी आहे एवढंच कळतं. तो छोटा आणि चुन्यासारखा पांढरा असेल, किंवा मोठा आणि डांबरासारखा काळा असेल, दोन्हींचा ठिपका सारखाच. पण काळा दगड ऊन जास्त खातो आणि जास्त तापतो. मे महिन्यात अनवाणी चाललात तर डोळे मिटूनही सांगाल की पाय काळ्या दगडावर पडला की चुना फासलेल्या ओट्यावर. लघुग्रहाची ऊब मोजली की त्याचा खरा आकार हाती येतो. डिसेंबर २०२४ मध्ये '२०२४ वायआर४' नावाचा दगड सापडला आणि २०३२ मध्ये तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता काही दिवस तीन टक्क्यांपर्यंत गेली, ते आठवत असेल. मोबाइलवर काय काय फिरत होतं. त्याचा आकार आधी '४० ते ९० मीटर' एवढंच सांगता येत होतं. मार्च २०२५ मध्ये जेम्स वेब या अवकाशातल्या दुर्बिणीने त्याची ऊब मोजली आणि आकडा साठ मीटरवर आला. पृथ्वीवरचा धोका टळल्याचं मात्र त्याआधीच, जमिनीवरच्या दुर्बिणींनी त्याची कक्षा नीट मोजल्यावर, कळलं होतं. ते श्रेय अवरक्ताचं नाही. चाळीस आणि नव्वदमध्ये काय एवढा फरक, असं वाटलं तर लक्षात घ्या, रुंदी दुपटीहून थोडी जास्त झाली की वजन अकरापट होतं. जालन्याकडून लोणारला गेलात आणि विवराच्या काठावर उभे राहिलात की दगडाचं वजन का मोजायचं, हे विचारावं लागत नाही.

एव्हाना मृग चांगला वर आला होता. पूर्वेला तोंड केलं की मृगाच्या पोटात घुसलेल्या बाणाचे तीन तारे उभे दिसतात, आणि त्यांच्या उजव्या हाताला एक धूसर ठिपका. तो तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा चमकता ढग, तेराशेच्या आसपास प्रकाशवर्षं दूर. तिथे तारे जन्मतायत, पण जन्म होतो धुळीच्या आडोशाने. तारा ज्या ढगातून बनतो तोच ढग त्याला झाकून ठेवतो. राखेखालचा निखारा, दुसरं काही नाही.

धुळीतून अवरक्त प्रकाश पार कसा होतो? विहिरीच्या पाण्यात उभी बारीक काडी बघा. खडा टाकला तर उठणाऱ्या बारीक लहरी काडीवर आपटून मोडतात. पण पोहणाऱ्याने उडी मारल्यावर उठलेली रुंद लाट काडी तिथे नसल्यासारखी पुढे जाते. अवकाशातल्या धुळीचे कण एका मायक्रॉनपेक्षा लहान. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची लहर अर्ध्या मायक्रॉनची, ती या कणांवर अडखळते. दोन, पाच, दहा मायक्रॉनची लहर बरीचशी सुटते. उन्हाळ्यात गच्चीवर पडून आकाशगंगेचा धनु राशीतला जाड भाग बघता ना, आपल्या आकाशगंगेचं केंद्र त्या दिशेला, २६ हजार प्रकाशवर्षांवर आहे, आणि साध्या प्रकाशात ते अजिबात दिसत नाही. तिथून निघालेल्या अब्जावधी प्रकाशकणांतला एखादाच धुळीतून वाचून येतो. दोन मायक्रॉनच्या पुढे मात्र पडदा विरळ होतो. राइनहार्ट गेंझेल आणि अँड्रिया गेझ या खगोलशास्त्रज्ञांच्या गटांनी वर्षानुवर्षं, जमिनीवरच्या त्या अरुंद फटीतून, तिथले तारे टिपले. एक तारा सोळा वर्षांत एक फेरी मारताना दिसला, कशाभोवती, तर जिथे काहीच दिसत नाही अशा जागेभोवती. त्या 'काहीच नाही'चं वजन चाळीस लाख सूर्यांएवढं निघालं. ते कृष्णविवर. त्याच्या शोधासाठी २०२० च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा या दोघांना मिळाला.

काही निखारे तर मुळात पेटलेच नाहीत. तारा व्हायला निघालेला पण वजनात कमी पडलेला गोळा, त्याला तपकिरी बटू म्हणतात. तो जन्मापासून फक्त गार होत जातो. वाइज नावाच्या चाळीस सेंटीमीटरच्या अवरक्त उपग्रहाच्या नोंदींतून २०१४ मध्ये असा एक सापडला, सव्वासात-साडेसात प्रकाशवर्षांवर, म्हणजे अगदी शेजारी. त्याचं तापमान तेव्हा उणे ४८ ते उणे १३ अंशांच्या दरम्यान मानलं गेलं. भाच्याला हे काही केल्या पटेना. आपल्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यापेक्षा गार, आणि तुम्ही त्याला ताऱ्याच्या भावकीत घालता? मी म्हटलं, भावकीत सगळेच सारखे तापट नसतात.

वाइजचा रांजण गोठलेल्या हायड्रोजनचा होता, तो २०१० मध्येच संपला. २०११ ला त्याला झोपवलं. २०१३ मध्ये पुन्हा उठवलं, नाव निओवाइज ठेवलं आणि लघुग्रह शोधायला लावलं. गारव्याशिवायही त्याच्या दोन छोट्या लहरींची उपकरणं चालत होती. त्याने मार्च २०२० मध्ये शोधलेला धूमकेतू जुलैत नुसत्या डोळ्यांनी दिसला, निदान ज्यांच्याकडे आभाळ मोकळं होतं त्यांना. मी सलग सहा संध्याकाळी गच्चीवर गेलो आणि सहाही संध्याकाळी ढग बघून खाली आलो. पाऊस हवा असतो तेव्हा हे ढग कुठे असतात, कोण जाणे.

ग्रहांचं सांगतो आणि मग दुर्बिणींची राणी. लांबून पाहिलं तर साध्या प्रकाशात सूर्य पृथ्वीपेक्षा दहा अब्ज पटींनी तेजस्वी दिसतो. सर्चलाइटला टेकलेला काजवा. पण दहा मायक्रॉनला पृथ्वी स्वतः चमकते, आणि तफावत कोटीच्या घरात उतरते. अजूनही भयंकर, पण हजारपट सोपी. शिवाय दुसरी युक्ती आहे. ग्रह ताऱ्यासमोरून जाताना ताऱ्याचा थोडा प्रकाश ग्रहाच्या हवेतून गाळून येतो, आणि प्रत्येक वायू आपापल्या ठरलेल्या लहरी त्यातून खातो. २०२२ मध्ये जेम्स वेबने वास्प-३९बी या ग्रहाच्या हवेत असाच कार्बन डायऑक्साइड ओळखला, सव्वाचार मायक्रॉनच्या जवळ पडलेल्या खड्ड्यावरून. बघा काय उलटा न्याय आहे. ज्या वाफेने आणि ज्या वायूने आपली वाट अडवली, आपल्याला कोट्यवधी खर्चून अवकाशात पाठवलं, तिथे गेल्यावर आपण शोधतो ते त्यांनाच.

स्पिट्झरचं कामही इथे विसरू नये. त्याचा हेलियम मे २००९ मध्ये संपला, तरी उरलेल्या दोन छोट्या लहरींवर तो जानेवारी २०२० पर्यंत चालला. रांजण कोरडा पडल्यानंतरच्या या काळातच त्याने चाळीस प्रकाशवर्षांवरच्या ट्रॅपिस्ट-१ या मंद लाल ताऱ्याकडे जवळपास पाचशे तास टक लावून पाहिलं आणि पृथ्वीच्या मापाचे सात ग्रह मोजायला मदत केली.

जेम्स वेबने रांजणाचा प्रश्नच वेगळ्या तऱ्हेने सोडवला. २५ डिसेंबर २०२१ ला ती निघाली. सोन्याचा मुलामा दिलेले अठरा तुकडे जोडून साडेसहा मीटरचा आरसा, मुक्काम पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर. तिच्याकडे हेलियमचा साठा आटण्याची भानगड नाही, सावली आहे. टेनिसच्या मैदानाएवढा पाचपदरी पडदा, एकेक पदर केसासारखा पातळ, आणि महत्त्वाचं म्हणजे दोन पदरांत मोकळी फट. पत्र्याच्या शेडवर नुसतं कापड चिकटवलं तर फारसा फरक पडत नाही, पण वीतभर अंतर सोडून शेडनेट ताणलं की खाली बसवतं. मधली ऊब कडेने निघून जाते. तेच इथे. सूर्याकडच्या बाजूला कडक ऊन, आणि पडद्याआड आरशाचे तुकडे ३४ ते ५५ केल्विनवर, म्हणजे उणे २१८ अंशांच्याही खाली. फक्त सगळ्यात लांब लहरींच्या एका उपकरणाला हेही पुरत नाही, त्याला वेगळं शीतयंत्र लावून ७ केल्विनखाली ठेवतात.

एवढा खटाटोप मुख्यतः फार जुन्या दीर्घिकांसाठी, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या समूहांसाठी. ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबची पट्टी घ्या, तिच्यावर खडूने दाट नागमोडी रेघ काढा आणि पट्टी ताणा. रेघेची वळणं लांब होतात. विश्व ताणलं जातंय, आणि त्यातून प्रवास करणारा प्रकाशही त्याच्याबरोबर ताणला जातो. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या 'जेड्स-जीएस-झेड१४-०' या दीर्घिकेचा प्रकाश निघाला तेव्हा विश्वाचं वय तीस कोटी वर्षांपेक्षा कमी होतं. आज ते १३८० कोटी आहे. तिच्या तरुण, प्रखर ताऱ्यांचा प्रकाश निघताना अतिनील होता. वाटेत तो पंधरापट ताणला गेला आणि आपल्यापर्यंत पोचताना अवरक्त झाला. म्हणजे इथे कारण धूळ नाही, थंडीही नाही, तिथे लखलखाट होता. आपल्याला तो अवरक्तात शोधावा लागतो तो निव्वळ उशीर झाल्यामुळे. नाव मात्र एखाद्या सातबाऱ्यावरच्या गट नंबरासारखं ठेवलंय.

मार्च २०२५ मध्ये स्फिअरएक्स नावाचा आणखी एक उपग्रह गेला आहे. तो सगळं आकाश १०२ अवरक्त रंगांत पाहतोय, आणि धुळीच्या ढगांत गोठलेलं पाणी किती आहे, हाही त्याच्या कामाचा भाग आहे. पाणी शोधायला इतकं लांब जातात म्हटल्यावर दाजी पहिल्यांदाच बोलले. "आमच्या बोअरवर रोखा म्हणावं एकदा."

ताईने पाण्याची बादली आणली आणि आगटीवर ओतली. चर्र झालं, ओल्या राखेचा वास आला, वाफ बाभळीपर्यंत गेली. भाच्याने बंदूक तिच्यावर रोखली. ४१. पुन्हा दाबली. ३९. मग आम्ही चपला शोधायला लागलो, अंधारात, मोबाइलच्या उजेडात.